जेंटल जायंटचा 'ऑक्टोपस' ऐकायचा कसा (आणि पहिल्या दोन मिनिटांत पळायचं का नाही)

प्रोग रॉक, म्हणजे सत्तरच्या दशकात बहरलेलं ते लांब, गुंतागुंतीचं प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हटलं की आपल्याकडची बहुतेक मंडळी पिंक फ्लॉइडपासून सुरू करतात, तिथून येस, जेनेसिस, किंग क्रिमसन असं फिरून येतात आणि मग परत फ्लॉइडवरच येऊन थांबतात. जेंटल जायंटचं नाव मधेच कुणीतरी घेतं, आपण उत्साहाने एखादं गाणं लावतो, दीड मिनिटात 'अरे हे काय चाललंय काय' म्हणून बंद करतो, संपला विषय. यात ऐकणाऱ्याचा काही दोष आहे असं मला तरी वाटत नाही, कारण या बँडला ऐकायची रीतच वेगळी आहे आणि ती कुणी सांगत नाही, सगळे नुसतं 'जबरदस्त आहे, ऐक' म्हणून लिंक फेकतात आणि मोकळे होतात. म्हणून हे लिहितोय. १९७२ चा 'ऑक्टोपस', त्यांचा चौथा अल्बम, हा घरी बसून कसा ऐकायचा, कुठून सुरुवात करायची, कान कशाकडे लावायचा, एवढंच.

आधी हाच का ते सांगतो. प्रोगची आपल्याला जी भीती असते ना, वीस वीस मिनिटांची गाणी, दहा मिनिटांचा कीबोर्ड सोलो, एल्फ आणि ड्रॅगन, तसलं काही इथे नाहीये. अख्खा अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा आहे, आठ गाणी, सगळ्यात मोठं गाणं सहा मिनिटांच्या आतलं. म्हणजे ठाणे ते सीएसटी फास्ट लोकलच्या एका फेरीत संपून उरतो. पण जे दुसरा बँड वीस मिनिटांत पसरून वाजवेल ते हे लोक चार मिनिटांत कोंबतात, म्हणून डोकं गरगरतं. लांबीचा त्रास नाही, दाटीचा आहे. आणि दाटीवर उपाय सोपा असतो, परत ऐकायचं. ३४ मिनिटं परत ऐकणं परवडतं, दीड तासाचा डबल अल्बम परत ऐकायला कुणाला वेळ आहे.

बँडबद्दल थोडंसं, कारण ते माहीत असलं की आवाज ओळखायला सोपं जातं. फिल, डेरेक आणि रे शुलमन हे तीन भाऊ, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला वाढलेले, वडील स्वतः ट्रम्पेट वाजवणारे, त्यामुळे घरात वाद्यं लहानपणापासून. साठच्या दशकात हे तिघं 'सायमन डुप्री अँड द बिग साउंड' नावाच्या पॉप बँडमधे होते आणि १९६७ मधे 'काइट्स' नावाचं त्यांचं एक गाणं ब्रिटनच्या टॉप टेनमधे गेलं होतं. त्या बँडबरोबर काही दिवस टूरवर कीबोर्ड वाजवायला रेज ड्वाइट नावाचा एक पोरगा होता, तो पुढे एल्टन जॉन झाला. तर हिट गाणं मिळालं, टीव्हीवर आले, आणि या भावांना त्याचाच कंटाळा आला, तेच तेच गाणं तसंच्या तसं वाजवायचं, म्हणून सगळं मोडून १९७० मधे जेंटल जायंट काढला. दुसऱ्या अल्बमच्या कव्हरवर तर त्यांनी सरळ छापलं होतं की आम्हाला पॉप्युलर संगीताच्या सीमा वाढवायच्यात, त्यापायी आम्ही कुणालाच आवडलो नाही तरी चालेल. ती इच्छा बऱ्यापैकी पूर्ण झाली म्हणायची, ब्रिटनमधे त्यांचे अल्बम कधी फारसे खपलेच नाहीत.

भावांच्या जोडीला केरी मिनियर, हा रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमधून कंपोझिशन शिकून आलेला, कीबोर्ड, व्हायब्राफोन, चेलो, सगळं वाजवणारा आणि अतिशय हळू, मऊ आवाजात गाणारा. गिटारवर गॅरी ग्रीन, हा मूळचा ब्लूजवाला. आणि ड्रम्सवर जॉन वेदर्स, जो याच अल्बमपासून आला, त्याच्या आधीच्या ड्रमरचा मोटारसायकलवर अपघात झाला म्हणून टूरपुरता बोलावलेला माणूस कायमचा राहिला. वेदर्सचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सहा जणांचा हा संच फक्त याच एका अल्बममधे ऐकायला मिळतो, कारण थोरला फिल, जो आधी शाळामास्तर होता आणि बाकीच्यांपेक्षा वयाने बराच मोठा, तो १९७३ मधे घरच्यांसाठी बँड सोडून गेला.

आता खरा मुद्दा. आपल्या कानांना लहानपणापासून एका वेळी एकच चाल ऐकायची सवय असते. ख्याल घ्या, अभंग घ्या, नाट्यगीत घ्या, गाणारा एक, पेटी त्याच्या मागे मागे, तबला ठेका धरून, तानपुरा खाली चालू. जुगलबंदीतसुद्धा एक जण रंगात आला की दुसरा बहुतेक वेळ थांबतो नाहीतर त्याला साथ देतो. त्यामुळे नवीन गाणं लागलं की कान आपोआप शोधायला लागतात, मेन चाल कुठाय, कुणाच्या मागे जायचं. इथे गंडतं सगळं. जेंटल जायंटच्या गाण्यात पुष्कळदा मेन चाल असतच नाही, तीन-चार चाली एकदम चालू असतात, सगळ्या सारख्याच मानाच्या, आणि एकमेकींत बसवून लिहिलेल्या. युरोपातल्या जुन्या चर्चच्या गाण्यात आणि मॅड्रिगल नावाच्या प्रकारात हे शेकडो वर्षं चालत आलंय, बाखने ते पार टोकाला नेलं, याला काउंटरपॉइंट म्हणतात. मिनियरने हे रीतसर शिकून रॉक बँडला लावलं. शिवाय अजून एक जुनी युरोपियन खोड त्यांच्यात आहे, हॉकेट म्हणतात तिला, म्हणजे एकच चाल घ्यायची, तिचे तुकडे करायचे आणि वाटून टाकायचे, दोन सूर गिटारने घ्यायचे, पुढचे तीन कीबोर्डने, मधला एक झायलोफोनने, आणि सगळं मिळून चाल पुरी होणार. तुम्ही एकट्या गिटारच्या मागे गेलात तर चाल अर्ध्यात तुटल्यासारखी वाटते, कारण ती तुटलेलीच असते, उरलेली दुसऱ्याच्या हातात असते.

बरं हे आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही हां. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही गोव्याची अरेंजर मंडळी काय करायची, गायक एक ओळ गातोय आणि त्याच वेळी मागे व्हायोलिनचा ताफा भलतीच, स्वतंत्र सुरावट वाजवतोय, आणि दोन्ही एकमेकांना कुठेही आडवी जात नाहीत. म्हणून 'ऑक्टोपस' लावायच्या आधी एक काम करा, शंकर-जयकिशनचं पन्नास-साठच्या दशकातलं कुठलंही पाठ असलेलं गाणं लावा आणि ते गाणं गुणगुणायचं सोडून फक्त मागची व्हायोलिनं गुणगुणायचा प्रयत्न करा. पहिल्यांदा जीभ सारखी गाण्याच्याच चालीकडे जाईल. पाच-सात वेळा केलं की जमतं. एकदा हे जमलं की अर्धी लढाई जिंकलात, कारण 'ऑक्टोपस'ला एवढंच लागतं, मुद्दाम दुसऱ्याच्या मागे जायचं.

तयारी म्हणजे काही मोठी नाही. हेडफोन हवेत, महागडे नकोत पण दोन्ही कानांत वेगवेगळं नीट ऐकू येणारे हवेत, कारण कुठला आवाज डावीकडे आणि कुठला उजवीकडे हे या अल्बममधे फार विचार करून ठेवलंय. फोनच्या स्पीकरवर लावलात तर चार चालींची खिचडी होणार आणि मग मला बोल लावू नका. काम करताना मागे लावून ठेवायचा हा अल्बम नाही, निदान पहिल्या आठवड्यात तरी नाही. व्हर्जन कुठलं घ्यायचं तर स्ट्रीमिंगवर बहुतेक दोन सापडतात, एक जुनं मूळ मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज तेव्हा जसे एकत्र जुळवले तसं, आणि एक २०१५ चं, ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनने नव्याने जुळवलेलं. शुद्धतावादी लोक जुनंच ऐका म्हणतील, मी म्हणेन पहिल्यांदा विल्सनचं ऐका, त्यात वाद्यं जास्त सुटी सुटी ऐकू येतात आणि आपल्याला नेमकं तेच करायचंय. नंतर जुनं ऐका, त्याचा दाटपणा वेगळाच आहे. अल्बम लंडनच्या अ‍ॅडव्हिजन स्टुडिओत मार्टिन रशेंटने रेकॉर्ड केलेला, हाच माणूस नऊ वर्षांनी ह्यूमन लीग या सिंथ-पॉप बँडचा 'डेअर' करतो, म्हणजे पार उलट्या टोकाचं संगीत.

आता क्रम. इथे माझा सल्ला बऱ्याच जणांना पटणार नाही पण पहिल्यांदा अल्बम पहिल्या गाण्यापासून लावूच नका. हो, अल्बम म्हणजे अल्बम, सलग ऐकायचा, मान्य, पण ते दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या टप्प्यात सातव्या गाण्यावर जा, 'थिंक ऑफ मी विथ काइंडनेस'. साडेतीन मिनिटांचं, पियानो आणि मिनियरचा तो मऊ आवाज, विरहाचं साधं गाणं. इथे मेन चाल आहे, कानाला धरायला काहीतरी मिळतं. दोनदा नुसतं ऐका. तिसऱ्यांदा आवाज सोडा आणि रे शुलमनचा बास धरा, शेवटपर्यंत सोडायचा नाही. बास नुसता खाली धप्प धप्प करत नाहीये, तो स्वतःचं काहीतरी गातोय हे कळेल. मधे ब्रासचा आवाज भरून येतो, तो फिलचा, तिथे गाणं एकदम रुंद होतं. ज्यांना हा बँड कोरडा वाटतो, डोक्याने वाजवणारा वाटतो, त्यांनी आधी हे ऐकावं आणि मग बोलावं.

मग तिसरं, 'अ क्राय फॉर एव्हरीवन'. डेरेकचा घसा फाडून गायलेला आवाज आणि जड गिटार रिफ (परत परत येणारा गिटारचा छोटा तुकडा), म्हणजे रॉक ऐकणाऱ्याला घरच्यासारखं. शब्दांमागे फ्रेंच लेखक कामूचे विचार आहेत, जगण्याला अर्थ नाही आणि तरी ओरडायचं. गाण्याच्या मधे ते अचानक रिफ सोडून भलतीकडे जातात, तिथे घाबरू नका, जिथून गेले तिथे परत येतात. खरं सांगायचं तर अल्बममधलं हे मला सगळ्यात कमी आवडणारं गाणं आहे, पण पायरी म्हणून उत्तम.

त्यानंतर 'द बॉईज इन द बँड', दुसऱ्या बाजूचं पहिलं. यात शब्द नाहीत, नुसती वाद्यं. सुरुवातीला हसण्याचा आवाज, मग टेबलावर नाणं गरगर फिरतं, पडतं, आणि बँड अंगावर येतो. इथे खरा सराव करायचा. चार-साडेचार मिनिटांचं गाणं आहे, एकेका खेपेला एकेका माणसाच्या मागे जायचं. एकदा गिटार, एकदा कीबोर्ड, एकदा फिलचा सॅक्सोफोन, एकदा बास. आणि प्रत्येक खेपेला तोंडाने वाजवायचं, ट्रॅ-डॅ-डॅ जे काय येईल ते, घरचे बघतील, बघू देत. तोंडाने म्हटल्याशिवाय ते डोक्यात बसत नाही. चार खेपा झाल्या की पाचव्यांदा कुणाच्याच मागे जायचं नाही, नुसतं बसायचं, आणि तेव्हा काय होतं ते मी सांगत नाही, करून बघा.

लयीचं इथेच सांगून टाकतो. या गाण्यांत मात्रा सारख्या बदलतात आणि लोक त्यालाच घाबरतात, खरं तर मराठी माणसाने घाबरायचं काही कारण नाही, ज्याने झपताल, रूपक हातावर धरलेत त्याला विषम मात्रांचं कसलं कौतुक. अडचण वेगळी आहे. आपल्याकडे ताल एकदा लागला की गाणं संपेपर्यंत किंवा निदान बराच वेळ तोच राहतो, सम कुठे येणार हे माहीत असतं. इथे आवर्तन मधेच लहानमोठं होतं. म्हणून समेची वाट बघत बसू नका. ठोका धरा. आणि तो ठोका धरायला जॉन वेदर्स. बाकीचे पाच जण काहीही करत असले तरी हा माणूस बहुतेक वेळ सरळ, जड, दणकट वाजवतो, त्याच्या स्नेअरवर, म्हणजे त्या कडकडीत आवाजाच्या ड्रमवर, मांडीवर थाप देत राहा, मात्रा मोजू नका, फक्त थाप. बाकीच्यांचे जोर त्या थापेच्या आडवे पडतात, आडी लय ज्यांना ऐकायची सवय आहे त्यांना मजा येईल. मोजणी नंतर कधीतरी कागद घेऊन करा, करायचीच असेल तर. मोजता आलं म्हणून गाणं आवडत नाही आणि आवडायला मोजता यावं लागत नाही. हे ड्रमर मित्रांना सांगून उपयोग नाही, ते मोजणारच.

एवढं झालं की दुसरं गाणं, 'रॅकॉन्टर ट्रूबाडूर', गावोगाव फिरून गाणाऱ्या जुन्या काळच्या गायकाबद्दलचं. रेचं व्हायोलिन ऐका, रे लहानपणापासून व्हायोलिन शिकलेला आणि ते रॉकवाल्यासारखं नाही वाजवत, जुन्या युरोपातल्या दरबारी नाचगाण्याचा वास त्याला आहे. सहावं, 'डॉग्ज लाइफ', हे तर अगदी गमतीचं, टूरवर सामान वाहणाऱ्या, वायरी जोडणाऱ्या रोडी लोकांबद्दल, थोडी टिंगल थोडी माया, फिल गातो, अकूस्टिक गिटार आणि मागे तंतुवाद्यं. सव्वातीन मिनिटांचं. विषय एवढा साधा आणि त्याला थाट चेंबर म्युझिकचा, हा विनोद लक्षात आला की या लोकांबद्दल जरा प्रेम वाटायला लागतं, हे स्वतःला फार गंभीर घेत नव्हते, प्रोगमधे हे दुर्मिळच.

मग पहिलं, 'द अ‍ॅडव्हेंट ऑफ पॅनर्ज'. सोळाव्या शतकातला फ्रेंच लेखक राबले, त्याच्या पुस्तकात पांताग्रुएल नावाचा राक्षसाएवढा माणूस आणि त्याचा भामटा दोस्त पॅनर्ज यांची पहिली भेट होते, ती गोष्ट. याच्या आधीच्या एका अल्बममधे पांताग्रुएलच्या जन्माचं गाणं आहे, हे त्याच्या पुढचं. सुरुवात मिनियरच्या कुजबुजल्यासारख्या आवाजाने, मग आवाजावर आवाज चढत जातात, मग डेरेक येतो आणि एकदम दांडगाई सुरू. इथे दोन गळ्यांमधला फरक ऐका. मिनियर जिथे गातो तिथे सगळी वाद्यं दबून चालतात, डेरेक आला की सगळी अंगात आल्यासारखी. हा खेळ ते दहा वर्षं खेळत राहिले, कारण मिनियरचा आवाज स्टेजवर पुरायचा नाही, बऱ्याच ठिकाणी त्याची वाक्यं लाइव्हमधे डेरेकला गावी लागायची.

आणि आता 'नॉट्स'. बहुतेकांनी हा बँड सोडला तो याच गाण्यावर, कारण यूट्यूब आधी हेच वाढून ठेवतं. चार जण वाद्यांशिवाय चार वेगवेगळ्या चाली, वेगवेगळे शब्द, वेगवेगळ्या वेळी सुरू करून गातात, चाळीच्या जिन्यात चार घरांची भांडणं एकदम ऐकू यावीत तसं. शब्द आर. डी. लेंग या स्कॉटिश मानसोपचारतज्ज्ञाच्या १९७० च्या 'नॉट्स' या पुस्तकावरून घेतलेत, त्यात माणसांच्या नात्यातले गुंते आहेत, त्याला वाटतं की तिला वाटतं की त्याला वाटतं, अशा छापाचे. म्हणजे गुंत्याबद्दलचं गाणं गुंत्यासारखंच बांधलंय, उगाच अवघड करायचं म्हणून नाही केलेलं. ऐकायचं असं. पहिल्या खेपेला शब्द समजून घ्यायचा प्रयत्नच करू नका, फक्त कुठला आवाज कुठल्या बाजूने येतो ते बघा. दुसऱ्यांदा फक्त डावा हेडफोन घाला. हो खरंच, उजवा काढून ठेवा. तिसऱ्यांदा फक्त उजवा. अर्धा गुंता इथेच सुटतो. चौथ्यांदा दोन्ही, समोर शब्द उघडून. मधे एक झायलोफोनचा तुकडा येतो, सगळे सूर इकडून तिकडे उड्या मारणारे, तो हॉकेटचा नमुनाच समजा. मग सगळे एकत्र येऊन जोरात जे गातात तिथे, इतका वेळ सुटं सुटं ऐकल्यावर, अक्षरशः बरं वाटतं. हे गाणं आवडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि आता अल्बममधलं हेच मी सगळ्यात जास्त लावतो. नील मोर्सच्या स्पॉक्स बिअर्ड या अमेरिकन प्रोग बँडने १९९६ मधे 'थॉट्स' म्हणून जे गाणं केलं त्याची जातकुळी इथली, ते ऐकलं असेल तर 'नॉट्स' तुम्हाला ओळखीचं वाटेल.

उरलं 'रिव्हर', शेवटचं. इथे दाटी कमी होते. व्हायोलिन इफेक्टमधून काढलेलं, आवाज डाव्या कानातून उजव्या कानात फिरतात, आणि गॅरी ग्रीनला अखेर मोकळं रान मिळून तो लांबलचक ब्लूज सोलो घेतो. काही लोकांना हे ढिलं वाटतं, मला वाटतं सात गाणी एवढं कोंबल्यावर हे हवंच होतं. सोलोला वाजवणाऱ्याच्या मागे जायचं कष्ट नाहीत, नेहमीसारखं ऐका.

हे सगळं एका दिवसात करू नका, रोज एक-दोन गाणी. सगळी झाली की मग दुसरा टप्पा, पहिल्यापासून सलग. चौथ्यानंतर थांबा, एक-दोन मिनिटं, पाणी पिऊन या, कारण मूळ एलपीची पहिली बाजू तिथे संपते आणि 'नॉट्स' संपल्यावर ती उठून रेकॉर्ड उलटायची विश्रांती धरूनच पुढच्या बाजूला ते हसणं आणि नाणं ठेवलंय. स्ट्रीमिंगवर एकापाठोपाठ एक चिकटून येतं तेव्हा ती गंमत जाते.

रेकॉर्ड जमवणाऱ्यांसाठी, ब्रिटिश एलपीचं कव्हर चित्रकार रॉजर डीनचं आहे, तोच, येसची कव्हरं काढणारा, आणि अमेरिकेतल्या एलपीवर बरणीत भरलेला ऑक्टोपस आहे, चार्ल्स व्हाइटने काढलेला. दोन्ही सुंदर आहेत. मला बरणी जास्त आवडते, अल्बमला शोभते.

ऐकून झाल्यावर बघा, आधी नाही. १९७४ चं जर्मन टीव्हीवरचं रेकॉर्डिंग सहज सापडतं, त्यात 'नॉट्स' आणि 'पॅनर्ज'चे तुकडे ते समोर वाजवतात. फिल तेव्हा गेलेला, उरलेले पाच जण, आणि प्रत्येक जण मधेच वाद्य बदलतो, कीबोर्डवाला चेलो घेतो, बासवाला व्हायोलिन, गिटारवाला रेकॉर्डर म्हणजे ती लाकडी बासरी. हे बघितल्यावर कुठला आवाज कुणाचा हा प्रश्नच संपतो. तसंच १९७७ चा 'प्लेइंग द फूल' हा लाइव्ह अल्बम, त्यात 'ऑक्टोपस'मधली गाणी तोडून जोडून पंधरा मिनिटांचा एक तुकडा केलाय, मधे दोन अकूस्टिक गिटारींचा आणि बासऱ्यांचा भाग आहे. स्टुडिओत जे चौघा-पाचांनी थर चढवून केलं असेल असं वाटतं ते हे लोक स्टेजवर, हातात, न चुकता वाजवतात, तेव्हा तोंडात बोट जातं.

कुणी म्हणेल एवढी मेहनत कशाला, गाणं असं लावलं की आवडलं पाहिजे. बरोबर आहे, बहुतेक गाणी तशीच असावीत. आणि एवढं करूनही नाही आवडलं तर सोडून द्या, डेरेकचा आवाज काहींना कायमच कानाला टोचतो, त्याला इलाज नाही. पण ज्यांना वाटतं की हा कुणाला माहीत नसलेला मेलेला बँड आहे त्यांच्यासाठी, रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या २०२३ च्या 'युटोपिया' अल्बमचं पहिलं गाणं लावा, 'हायना', त्याच्या सुरुवातीला जे चालू आहे ते जेंटल जायंटचं १९७४ चं 'प्रॉक्लमेशन'. मॅडव्हिलन या हिपहॉप जोडीनेही २००४ मधे यांचा तुकडा उचललाय. आणि मेटलवाल्या मंडळींनो, ड्रीम थिएटरला मोठ्या लेबलवर घेणारा माणूस डेरेक शुलमनच, बँड १९८० मधे बंद झाल्यावर तो रेकॉर्ड कंपनीत साहेब झाला, बॉन जोव्हीलाही त्यानेच करारबद्ध केलं होतं. 'नॉट्स' गाणारा माणूस आणि बॉन जोव्ही, बसवा ताळमेळ.

'ऑक्टोपस' पचला की पुढे काय. माझ्या मते सरळ १९७५ चा 'फ्री हँड', तो त्यांचा सगळ्यात मोकळा आणि अमेरिकेत सगळ्यात वर, ४८ व्या नंबरपर्यंत गेलेला अल्बम, त्यात 'ऑन रिफ्लेक्शन' आहे, 'नॉट्स'च्या पुढची इयत्ता. मग १९७४ चा 'द पॉवर अँड द ग्लोरी', सत्ता माणसाला कशी बिघडवते यावर अख्खा अल्बम. 'इन अ ग्लास हाउस' त्यानंतर, तो फिल गेल्यावरचा पहिला, जास्त काळोखा, अमेरिकन कंपनीने तेव्हा काढायलाच नकार दिलेला. तिन्हींना हीच पद्धत चालते, फक्त 'ग्लास हाउस'ला खेपा जास्त लागतील. १९७८ चा 'जायंट फॉर अ डे' मात्र सध्या बाजूलाच ठेवा, त्यात ते रेडिओसाठी सरळसोट गाणी करायला गेले आणि ते काही त्यांना जमलं नाही.